मे महिन्यात घर न सोडणारा माणूस

काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पिवळा ड्रेस घातला होता, आणि तेवढ्यावरून ती जागा आमच्या हातची जाणार होती.

तेव्हा मी आणि माझा नवरा अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला भाड्याची जागा शोधत होतो. मला आनंदनगरच्या एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कंपनीत नोकरी लागली होती. नवरा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका वर्कशॉपमध्ये होता. एजंटने सकाळी सकाळी एका जुन्या बंगल्याच्या फाटकाशी आणून सोडलं. खाली मालक-मालकीण राहायचे आणि वरचा चढवलेला मजला भाड्याने द्यायचा होता. एजंट म्हणाला, "माणूस चांगला आहे. फक्त झाडांना हात लावू नका."

फाटक उघडलं आणि मी जागच्या जागी थांबले. एप्रिल चालू होता. बाहेर गल्लीत कुत्रीसुद्धा गाड्यांखाली सावली शोधत होती, आणि आत अख्खं अंगण लाल झालं होतं. जास्वंद, कर्दळ, कण्हेर, भिंतीवरून खाली सांडलेली बोगनवेल. दुसऱ्या रंगाचं एक फूल नव्हतं. पांढराशुभ्र फुल शर्ट घातलेला एक उंच माणूस एका जास्वंदीपुढे वाकून उभा होता. आमच्याकडे न बघताच त्यांनी हात वर केला.

"जरा बाजूला व्हा. तुमच्या पिवळ्याने माझा लाल बिघडतोय."

मी बाजूला झाले. एजंट कसनुसं हसला. एवढ्यात आतून एक ठेंगण्या, गोऱ्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो. मलासुद्धा हळदीचा हात घेऊन या अंगणात येता येत नाही."

त्या काकू. त्या हसल्या म्हणून आम्ही ती जागा घेतली.

काका एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला होते. कापड रंगवायचे रंग तिथे बनायचे, आणि बनलेला रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळतो की नाही हे डोळ्याने बघून सांगणं हे त्यांचं काम. उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून त्यांनी सगळं आयुष्य कापडाचे दोन तुकडे शेजारी धरण्यात घालवलं. पुढे मशिन आली, तरी मशिनने पास केलेला माल पुन्हा त्यांच्या टेबलावर यायचा. "पिवळा कुणालाही जमतो, निळा शिकवून येतो, लाल मात्र फसवतो," असं ते म्हणत. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, लाल काही सुटला नाही.

खरं तर बाग नोकरीत असल्यापासूनचीच होती. निवृत्तीनंतर तिने फक्त त्यांचा उरलेला दिवसही घेतला. कारखान्यातले निळे प्लॅस्टिकचे ड्रम अर्धे कापून त्यांनी त्यांच्या कुंड्या केल्या होत्या. निळ्याशेजारी लाल खोटा दिसतो म्हणून त्या सगळ्यांना राखाडी रंग दिलेला. कंपाउंडची भिंतही राखाडी. शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटत होतं की काकांकडे प्रायमर मारून झालाय आणि रंग द्यायचा राहिलाय.

फुलं बघायची वेळही ठरलेली होती. सकाळी दहाच्या आधी, तिरप्या उजेडात. दुपारी कुणी कौतुक करायला लागलं तर ते म्हणत, "आता नका बघू. आत्ताचा लाल खरा नाही." बघतानाही पांढरा शर्टच अंगावर, कारण रंगीत शर्टाची झाक पाकळीवर पडते. काकूंना ते शर्ट धुवावे लागत. मातीत हात घालणारा माणूस आणि रोज पांढरा शर्ट.

हंगामी फुलांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. झेंडू, पिटुनिया, डेलिया ही नावं ते उच्चारतही नसत. "आली, नटली, गेली. भाडेकरू सगळे," असं ते एकदा मला म्हणाले. मग आपण कुणाशी बोलतोय हे लक्षात येऊन म्हणाले, "तुमचं तसं नाही म्हणा."

त्यांना लागत ती वर्षानुवर्षं टिकणारी झाडं, आणि तीसुद्धा उन्हाळ्यात फुलणारी. हिवाळ्यात कोणीही फुलतं, त्यात काय मोठेपणा, असं त्यांचं मत. फेब्रुवारीत ते जास्वंदींची छाटणी करत. मार्चमध्ये नारळाची सोडणं कुंड्यांत पसरत, म्हणजे ओल टिकते. जास्वंदीवर पांढरी कीड आली की बशीत साबणाचं पाणी घेऊन, कापसाच्या बोळ्याने एकेक फांदी पुसत बसत. लहान मुलाचं नाक पुसावं तशी. पण सगळ्यात जीव होता तो मे फुलांच्या कंदांवर. वर्षभर हे कंद मातीत असतात, हिवाळ्यात तर पानंही नसतात, कुंडी रिकामीच वाटते. मग मे महिन्यात एक दिवस मातीतून सरळ दांडा वर येतो आणि त्यावर मुठीएवढा लाल गोळा फुलतो. आठ-दहा दिवस टिकतो आणि पुन्हा वर्षभर काही नाही. काकांचं सगळं वर्ष त्या आठवड्याकडे तोंड करून बसलेलं असायचं.

आणि म्हणून काका मे महिन्यात घर सोडत नसत.

अंबरनाथला उन्हाळ्यात पाण्याची काय तऱ्हा असते ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. एक दिवसाआड पाणी, तेही कधी येईल त्याचा भरवसा नाही. आमच्या घरात मात्र पाण्याचा एक थेंब मोरीत जात नसे. तांदळाचं धुवण जास्वंदीला, भाजीचं धुवण कर्दळीला. आमच्या बाथरूमचं पाणीसुद्धा काकांनी पाइप टाकून खाली नेलं होतं. राहायला गेलो त्याच आठवड्यात ते वर आले, दारातच उभे राहिले आणि अतिशय सभ्यपणे माझ्या नवऱ्याला म्हणाले, "शाम्पू कुठल्या वारी करता तेवढं सांगून ठेवा. त्या दिवशी मी पाइप दुसरीकडे वळवीन."

आम्ही पोट धरून हसलो होतो. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ते पाणी फार वर्षं उपसलं होतं.

फुलं मागायला येणाऱ्यांची काकांना धास्ती असे. मंगळवारी आणि चतुर्थीला बायका परड्या घेऊन फाटकाशी येत. "संध्याकाळी या," असं काका सांगत. संध्याकाळपर्यंत जास्वंद मिटून जाते. मग ती मिटलेली फुलं ते उदारपणे देत. शिवमंदिर जवळ आहे याचं त्यांना फार समाधान वाटे. "शंकराला पांढरं लागतं, म्हणून मी इथे सुखात आहे. शेजारी गणपती असता तर एक कळी राहिली नसती." फांदी तर त्यांनी कुणालाच कधी दिली नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी लाल कण्हेरीची फांदी एवढ्या वर्षांत किती वेळा मागितली असेल. दर वेळी काका म्हणायचे, "हा मोसम नाही फांदी लावायचा." तो मोसम कधीच आला नाही.

काकू राजापूरकडच्या. गावी भाऊ, भावजय, भाचरं, घरापुढे मोठं खळं, मागे डोंगर. मार्च लागला की त्यांचं बोलणं हवामानाच्या बातम्यांसारखं सुरू व्हायचं. स्वयंपाक करता करता, कुणालाच उद्देशून नाही असं त्या म्हणायच्या, "आता काजू लागले असतील." आठवड्याने, "आता कैऱ्या बाठीला आल्या असतील." मग, "आता फणस उतरवत असतील." काका वर्तमानपत्राआडून "हं" म्हणायचे. तो हं ऐकला की काकू भांडी घासायला घ्यायच्या.

एकदा मी विचारलं, "काकू, तुम्ही जात का नाही मग?"

"जातो की. गणपतीला दोन दिवस जातो. पण पावसात गाव बघून काय बघितला? गाव बघायचा तो मे महिन्यात. सगळी जमतात तेव्हा."

"एकट्या जा."

"गेले की पूर्वी, मुलगी लहान होती तोवर. मग सगळ्या बहिणी नवऱ्यांबरोबर यायच्या आणि मला विचारायच्या, भावोजी कुठे? मी सांगायची, झाडांना पाणी घालतायत. त्या हसायच्या. किती वर्षं हसवायचं?" त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही. "आई गेली माझी मे महिन्यातच. मी पुढे गेले. हे बाराव्याला आले. पाणी घालायला माणूस मिळत नव्हता, म्हणाले."

हे त्यांनी कुठलाही सूर न लावता सांगितलं. मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. तीही मुलांच्या सुट्टीत आईवडिलांना दर मे महिन्यात बोलवायची आणि दर मे महिन्यात फोन ठेवताना म्हणायची, "बरं, मग दिवाळीत बघू."

काकांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. दुष्ट माणूस नव्हताच तो. माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला तेव्हा रोज सकाळी पपई चिरून डबा वर आणून देणारे काकाच. पण बायको ही त्यांना घरातल्या उजेडासारखी होती. ज्याच्यामुळे बाकी सगळं दिसतं त्याच्याकडे कोण बघतं?

एक सिंधी शेठ रविवारी त्यांच्याकडे चहाला येत. कॅम्प चारमध्ये त्यांचं कापड रंगवायचं काम चालायचं, नोकरीतली ओळख. ते स्वतःही म्हातारे झाले होते. बागेत खुर्ची टाकून बसत आणि म्हणत, "साहब, भाभीजी को गाँव ले जाओ. फूल तो खिलेगा ही."

काका म्हणायचे, "देखेगा कौन?"

शेठ काकूंकडे बघून खांदे उडवायचे. काकू शेठना आणखी एक बिस्कीट द्यायच्या.

मग एका वर्षी काकूंच्या भावाच्या नातीचं लग्न निघालं. गावात, घरच्या खळ्यात, मे महिन्यात. या वेळी काकू काजू-कैऱ्यांचं काही बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ येऊन सांगितलं, "दादा पंच्याहत्तरीचा झालाय. पुढचं लग्न बघेल की नाही माहीत नाही. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी मी जाणार."

काका दोन दिवस कुंड्यांभोवती घुटमळत होते. तिसऱ्या दिवशी ते वर आले आणि मला म्हणाले, "तुम्ही पाणी घालाल का?"

त्यांनी मला बाग समजावून दिली. कुठल्या कुंडीला किती, कधी, मुळाशी की पानांवरून, कर्दळीला उभं पाणी चालतं, कण्हेरीला चालत नाही. मे फुलांचे दांडे तेव्हा नुकते वर येत होते. त्यांच्याबद्दलचं सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. रिक्षात बसेपर्यंत ते मागे वळून बघत होते. काकू आधीच जाऊन बसल्या होत्या, नवी साडी नेसून, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. काका आठवडाभरासाठी गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी मी पाणी घालत होते तेव्हा फाटक वाजलं. ते एकटेच होते, हातात बॅग.

"लग्न लागलं," ते म्हणाले. "निघालो मग. ती राहिलीय आठ दिवस."

बॅग तिथेच खाली ठेवून ते बागेत फिरले. एकेक कुंडी बघितली, बोट खुपसून माती बघितली. सगळं टवटवीत होतं. मे फुलांचे गोळे त्याच दिवशी उमलले होते. ते पुष्कळ वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे की."

मला वाटलं ते खूश होतील. पण तो आवाज खूश झालेल्या माणसाचा नव्हता.

"मग काय काका. तुम्ही नीट सांगितलं होतंत."

"हो, पण... म्हणजे कुणीही घातलं असतं पाणी, तरी चाललं असतं."

ते बॅग उचलून आत गेले. त्या दिवशी त्यांनी फुलं पुन्हा बघितली नाहीत.

आठ दिवसांनी काकू आल्या नाहीत. पाऊस पडला की येते, म्हणाल्या. पाऊस पडला. मग म्हणाल्या, लावणीला माणसं कमी आहेत, ती झाली की येते. मग गणपती आले. काका दोन दिवस जाऊन एकटेच परतले. मुलगी पुण्याहून येऊन गेली, आईशी फोनवर बोलली, रडली, परत गेली. भांडण म्हणावं तर काहीच झालं नव्हतं. काका-काकूंचे रोज संध्याकाळी फोन होत. जेवलात का, जेवले. औषध घेतलं का, घेतलं.

मला काकूंचा अधूनमधून फोन यायचा. त्यांच्या बोलण्यातलं 'गं' जाऊन हळूहळू 'गो' झालं होतं. एकदा मी धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही रागावून राहिलात का तिकडे?"

"नाही गो," त्या म्हणाल्या. "राग कसला आता. तसं काही ठरवून राहिले नाही. पण इथे सकाळी जाग आली ना, की मला पाणी आठवत नाही. आज येणार की नाही, बादल्या भरल्या की नाही, धुवण बाजूला काढलं की नाही, काही नाही. नुसती पडून राहते थोडा वेळ. एवढंच. मग वाटतं, अजून चार दिवस राहू."

त्या चार दिवसांची दोन वर्षं झाली.

काका पिठलं करायला शिकले. भाताला पाणी किती हे विचारायला पहिले काही दिवस वर यायचे. मग यायचे बंद झाले. त्या दोन वर्षांत बाग अशी काही फुलली की गल्लीतली पोरं फाटकाबाहेर उभी राहून फोटो काढायची. काका आत उभे असायचे, पांढऱ्या शर्टात. शर्ट आता पिवळट दिसायला लागले होते. त्यांच्यासारख्या माणसाला ते दिसत नसेल हे शक्यच नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात कंद फुलले तेव्हा त्यांनी मला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगितलं, काकूंना पाठवायला. सकाळच्या उजेडात, मी पांढरा कुर्ता घालून. मी काढला, पाठवला. दुपारी काकूंचं उत्तर आलं. 'छान' आणि पुढे एक अंगठा. मी काकांना दाखवलं.

"हा अंगठा म्हणजे काय?"

"आवडलं म्हणजे."

"बरं," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा फोन मागून घेतला, अंगठा बघितला आणि परत दिला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, कुठेतरी पाइप फुटला आणि आमच्या भागात सलग बरेच दिवस पाणी आलं नाही. टँकर कोपऱ्यावर यायचा. काका सत्तरी ओलांडलेले, तरी तिथून बादल्या आणायचे. मी आणि नवरा आपल्या परीने आणत होतो, पण त्यांना थांबा म्हणायची सोय नव्हती. एका सकाळी मी जिना उतरत असताना ते फाटकातून भरलेली बादली घेऊन आत आले आणि पायरीवरून त्यांचा पाय सरकला. बादली उपडी झाली. ते बसल्यासारखे खाली पडले. फार लागलं नव्हतं, पण कमरेपासून खाली भिजले. मी धावले. तेवढ्यात घराच्या उघड्या दाराकडे तोंड करून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं, टॉवेल दे जरा."

घरात कोणी नव्हतं. मी जिन्यावर, ते खाली. मग मी आत जाऊन टॉवेल आणला. त्यांनी तो घेतला आणि चेहरा पुसला. खरं म्हणजे चेहरा भिजला नव्हता.

संध्याकाळी ते वर आले. नेहमीसारखे दारातच उभे राहिले.

"तुम्हाला कर्दळ हवी का?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी सगळी बाग वाटून टाकली. समोरच्या बाईंना बोलावून म्हणाले, "कण्हेर न्या." त्या हातात पिशवी घेऊन आल्या, फांदी मिळणार असं समजून. काकांनी अख्खं झाड कुंडीसकट पुढे केलं. बाईंचा विश्वास बसेना. "काका, बरं आहे ना तुमचं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. शेठ टेम्पो घेऊन आले आणि बोगनवेल उतरवून घेऊन गेले. जाताना ते काकांचा हात हातात धरून उभे राहिले, या वेळी गावाचं काही बोलले नाहीत. जास्वंदी गल्लीत घरोघरी गेल्या. प्रत्येकाला काका सांगत होते, पाणी किती, ऊन किती, कीड आली तर काय. लालबद्दल मात्र कुणालाच काही सांगितलं नाही. मे फुलांचे कंद त्यांनी मला दिले.

"एक तरी कुंडी काकूंसाठी न्या," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "परत पाणी आठवेल तिला."

दुसऱ्या दिवशी ते काकूंकडे गावी गेले. मे महिना लागायचा होता.

त्यानंतर महिन्याभरात आम्ही बदलापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. काकूंचे फोन कमी झाले, पण जे आले ते आनंदाचे होते. "हे बसलेत खळ्यात, फणसाचे गरे काढतायत. सगळे हात चिकट करून घेतलेत." मागून काकांचा आवाज यायचा, काहीतरी तक्रार करणारा. मग त्याच वर्षी, श्रावणात, काकू गेल्या. रात्री झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत. मुलीने फोन करून कळवलं. गावी जाणं मला जमलं नाही. रस्ते पाण्याखाली होते.

काका दिवाळीनंतर अंबरनाथला परत आले. काकूंच्या भावाने आग्रह केला तरी तिकडे राहिले नाहीत, मुलीकडेही गेले नाहीत. मी एका रविवारी भेटायला गेले. अंगणात काहीच नव्हतं. राखाडी भिंत आणि कुंड्यांच्या तळांचे गोल डाग उरलेली फरशी. वरचा मजला रिकामा होता. ते चौकडीचा शर्ट घालून पायरीवर बसले होते. मी त्यांना रंगीत शर्टात पहिल्यांदा बघत होते.

चहा मीच केला. दोघं पायरीवर बसलो. काही वेळ त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं, बदलापूरच्या पाण्याचं विचारलं. मग आपणहून बोलायला लागले.

"गावाच्या खाली नदीला एक डोह आहे. तुम्ही बघितला नसेल. उन्हाळ्यातसुद्धा पाणी असतं त्याला. मी गेलो त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारी फार उकडत होतं, तर ही म्हणाली, चला, डोहावर जाऊन येऊ. मला वाटलं पाय बुडवायला. तिने साडी खोचली आणि चालत चालत पाण्यात गेली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग दिसेनाशीच झाली. मी ओरडलो. काठावर पोरं होती, ती हसायला लागली. बघतो तर ही मधोमध, पाठीवर पडलेली, डोळे मिटून, हात पसरून. हलत नव्हती, बुडत नव्हती. मला म्हणाली, ओरडताय कशाला."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"पोरांना विचारलं तर म्हणाली, आजी रोज येते. हिच्या भावाला विचारलं, तो म्हणाला, अहो, लहानपणी ती त्या वरच्या कातळावरून उडी मारायची, आम्ही सगळे भाऊ घाबरायचो. सगळ्या गावाला माहीत होतं." ते अंगणाकडे बघत होते. "इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि हिला पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. मी तिला कधी पाण्यात बघितलंच नव्हतं. बादल्या उचलतानाच बघितलं."

"मग रोज जात होतात?" मी विचारलं.

"रोज. तो सगळा मे महिना. ती पोहायची, मी काठाला दगडावर बसून राहायचो, तिचा टॉवेल धरून. एकच उन्हाळा मिळाला आम्हाला." त्यांनी कप खाली ठेवला. "बाकीचे होते की. मीच घेतले नाहीत."



"तुम्ही उतरलात का पाण्यात?"

"मला कुठे येतंय पोहायला." मग, जवळजवळ स्वतःशीच, ते म्हणाले, "शेवटी शेवटी एकदा उतरलो. पाऊस यायच्या आधी. कमरेएवढ्या पाण्यात. पायाखाली सगळं शेवाळ होतं, पण हात तिने धरला होता."